साखरेचं वजन

मदनशेठ गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या तोंडात मूठभर गुलाबी लगदा होता. नंदुरबारला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे मी कवळीचं माप द्यायला बसलो होतो, आणि लगदा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, असा त्यांचा दम होता. जागेपणी मी इतका वेळ न बोलता बसल्याची आमच्या घराण्यात नोंद नाही. बाजूच्या बाकावर बायकोचा फोन वाजला. तिने ऐकलं, फोन मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "मदनशेठ गयात..." मी नुसते डोळे मोठे केले. कुठे गेले, असं मला विचारायचं होतं. मदन नेहमीच कुठेतरी गेलेला असायचा; सुरतेला माल बघायला, नाहीतर अलीकडे तुरुंगात मुलाच्या भेटीला. तिने पदर तोंडाशी नेला तेव्हा मला कळलं की हे जाणं वेगळं आहे. मी उठायला गेलो, डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबून खाली बसवलं. "काका, अजून थोडंच..." बाईंचा काही दोष नव्हता. पण चाळीस वर्षांचा मित्र गेला आणि मी तोंड उघडं टाकून, लाळ गाळत, छताच्या पंख्याकडे बघत बसलो होतो. ती कवळी आता तयार होऊन आली आहे. बसत नाही. माप देताना हललो होतो ना.

मदनलाल म्हणजे अक्कलकुव्याच्या बाजारपेठेतलं औषधांचं दुकान. त्याच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथे किराणा थाटला, आजोबांनी कापड, आणि याने औषधं. लोकांदेखत मी त्याला मदनशेठ म्हणत असे आणि दोघंच असलो की मदन. तो मला नाना म्हणे. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी भिली, अंमलदाराशी मराठी आणि माझ्याशी अहिराणी, अशी त्याची वाटणी होती. मी रनाळ्याचा. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून अक्कलकुव्यात आलो, त्याच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहिलो, आणि पहिल्याच वर्षी तो संवत्सरीला माझ्या दारात हात जोडून उभा राहिला. "मिच्छामि दुक्कडम्, नाना." जैनांमध्ये त्या दिवशी वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात, हे आज मला माहीत आहे. तेव्हा नव्हतं. मला वाटलं, याने नक्की काहीतरी केलंय. मी त्याला खोलीत बसवलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, काय केलंस, पाण्याची मोटर बंद केली होतीस का, माझ्या साहेबांना काही सांगितलंस का? तो हसून हसून खाटेवर आडवा झाला. मग दर संवत्सरीला क्षमा मागून झाली की स्वतःच पुढे म्हणायचा, "आणि मोटर बी मीच बंद करी व्हती."

आमची दोस्ती मुरली ती मात्र माझ्या पंचगिरीमुळे. पोलिसांनी कुठे धाड घातली की पंचनाम्याला दोन पंच लागतात. सरकारी नोकर असला तर उत्तम, कारण तो पळत नाही आणि त्याला सही करता येते. आमचं ऑफिस पोलीस ठाण्याच्या अंगणाला लागून. त्यामुळे साहेबांना पंच हवा झाला की शिपाई कुंपणावरून हाक मारायचा, आणि माझे सहकारी एका सुरात माझ्याकडे बोट दाखवायचे. असा मी गावाचा पंचनाना झालो. पहिल्याच धाडीत मोहाची दारू होती. नाल्याकाठी भट्टी, मडकी, रबरी नळी... पंचाने वास घेऊन खात्री करायची असते. मी कर्तव्यदक्ष माणूस, प्रत्येक मडक्याचा वास वेगळा घेतला, आणि शंका नको म्हणून काहींचा दोनदा. घरी गेलो तेव्हा बायको उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तुम्ही पंच म्हनीसन गयथात का गिऱ्हाईक म्हनीसन?" तिला शेवटी मदनने येऊन समजावलं. त्या दिवशी भट्टीवाल्या म्हाताऱ्याने साहेबांकडे एकच विनंती केली होती. दारू ओता, पण आधी देवाच्या नावाने दोन थेंब जमिनीवर टाकू द्या, न टाकता ओतली तर आमच्यावर येईल. साहेबांनी टाकू दिले. ते दोन थेंब पंचनाम्यात आले नाहीत. हे सांगितल्यावर मदन, ज्याने जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं, गल्ल्यावरची वही मिटून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, तो म्हातारा पितो ती दारू मडक्यात दिसते म्हणून धरता येते, नाना. माझ्या दुकानात लोक जी मागायला येतात ती लेबल लावलेल्या बाटलीत असते.

मग गांजाची धाड. धडगावच्या अंगाला डोंगरात, तुरीच्या ओळींच्या मधे गांजा लावलाय अशी खबर. चालून चालून माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आणि सगळ्यांच्या आधी मलाच तो दिसला... झोपडीच्या मागे, डौलदार, बोटं पसरल्यासारखी पानं. मी ओरडलो नाही, पंचाला शोभेल अशा गंभीरपणे बोट दाखवलं. साहेबांचे डोळे चमकले, मोजमापाची टेप निघाली, फोटो निघाले. झोपडीतली बाई हे सगळं शांतपणे बघत होती. ती आत गेली, आणि एक पातेलं आणि भाकरी घेऊन आली. अंबाडीची भाजी होती. मी गांजा म्हणून धरून दिली ती अंबाडी. आम्ही सगळ्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, आणि सांगायला हरकत नाही, चवदार होती. खरा गांजा उताराच्या खाली एका माणसाच्या तुरीत सापडला. त्याला बी कुणी दिलं, माल कोण नेणार होतं, हे तो सांगत होता. एक ट्रक येतो, ट्रकवाल्याचं नाव ठाऊक नाही... ज्याचं शेत त्याचं नाव लागलं. ट्रकचं नाव लागलं नाही. पुढे कितीतरी पंचनाम्यांवर मी सह्या केल्या, त्यात एकदाही ट्रकचा मालक मला भेटला नाही. मदनने अंबाडीची गोष्ट गावभर केली. मी दुकानात शिरलो की गल्ल्यामागून विचारायचा, "काय पंचनाना, आज कोनती भाजी धरी लयना?"

आता इथून पुढचं हसत सांगता येईल का, ठाऊक नाही. प्रयत्न करतो.

मदनला एक मुलगा. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण खटला चालू आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण कागदावर तरी थोडा आडोसा असावा. मुन्ना म्हणू या. मुन्ना माझ्या डोळ्यांसमोर रांगला. औषधाच्या रिकाम्या खोक्यांची आगगाडी करून दुकानभर ओढायचा. फार्मसी शिकायला गुजरातेत गेला आणि तिथल्या मित्रांकडून खोकल्याच्या औषधाची सवय घेऊन आला. गुजरातेत दारूबंदी, तिकडे दारू मिळत नाही असं नव्हे, पण तिला वास असतो, बापाला कळतं. सिरपला वास येत नाही. पोरगं गोड बोलायचं, जास्तच गोड बोलायचं, दुपारपर्यंत झोपायचं, चहात चमच्यावर चमचे साखर टाकायचं. बाप केमिस्ट. दुसऱ्याच्या पोराचं त्याने डोळे बघून ओळखलं असतं. स्वतःच्या पोराचं ओळखायला त्याला वर्ष लागलं... आणि मला तर तेही ओळखता आलं नाही. मी मुन्नाला भेटलो की म्हणायचो, काय तब्येत केलीस, खात जा. बाहेरगावी एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, भिंत चढून परत आला. दुसऱ्या ठिकाणी ठेवला, तिथे त्याला मारलं, मदनच जाऊन घेऊन आला. सरकारी दवाखान्यात सल्ला चांगला मिळाला, खाट मिळाली नाही.

मग मदनने त्याच्या स्वभावाला साजेसं काम केलं. तालुक्यातल्या झाडून सगळ्या औषधवाल्यांकडे तो स्वतः गेला. काही त्याचे नातेवाईक, काही प्रतिस्पर्धी. प्रत्येकापुढे हात जोडले, की माझ्या मुलाला ही बाटली देऊ नका, त्याच्या मित्रांनाही देऊ नका. माझ्या मते धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसांपुढे असं उभं राहणं फार अवघड असतं. सगळ्यांनी शब्द दिला आणि, आमच्या गावाला शोभा आहे, सगळ्यांनी पाळला. मदन खूश. दोन-तीन आठवडे पोरगं घरात तळमळलं. मग एकदम शांत झालं. मदन आणखी खूश... मला म्हणाला, सुटनी वाटते, नाना. ती सुटली नव्हती. इथे एक-एक बाटली मिळेनाशी झाली, म्हणून मुन्नाने हद्दीपलीकडून एकदम डझनाचं खोकं आणलं होतं आणि घराण्याच्या जुन्या गोडाऊनमध्ये, कापडाच्या काळातल्या गोणपाटांखाली ठेवलं होतं.

ते खोकं मदनला सापडलं. तिथे, त्या गोणपाटांजवळ उभं राहून त्याने जो हिशेब केला, तो फक्त एक केमिस्टच करू शकतो. एका चमच्यात औषध किती, एका बाटलीत चमचे किती, खोक्यात बाटल्या किती. सगळं मिळून नशेचा अंश अडीच ग्रॅमसुद्धा भरत नव्हता. बाकी साखरेचा पाक, रंग आणि पाणी. एवढ्याशा मालाला कायद्यात मामुली शिक्षा आहे, जामीन आहे, हे त्याने कुठेतरी वाचलेलं होतं. म्हणजे पोरगं दोन-चार दिवस आत राहील, बाटली मिळणार नाही, चांगलं घाबरेल, आणि बाहेर येईल. केंद्राची भिंत चढता येते, कोठडीची येत नाही. वकिलाला विचारलं असतं तर गावभर झालं असतं. बायकोला विचारलं असतं तर तिने पाय धरले असते. मला विचारलं असतं... मला कुणीच काही विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. तो सरळ पोलीस ठाण्यात गेला आणि नवीन आलेल्या तरुण फौजदारसाहेबांना खबर देऊन आला.

यातलं काहीही मला माहीत नव्हतं. कुंपणावरून नेहमीसारखी हाक आली. हल्ली धाडीचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून मी ऑफिसातच ठेवलेला इस्तरीचा शर्ट चढवला, केस ओले करून बसवले. गाडी ओळखीच्या गल्लीत वळली तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. गोडाऊनपुढे दोन शिपायांच्या मधे मुन्ना उभा होता. मी त्याला म्हणालो, अरे, तू इथे काय करतोस? साहेब म्हणाले, नाना, हा आरोपी आहे. मी म्हणालो, साहेब, हा मुन्ना आहे... हवालदाराने दार उघडलं, आम्ही आत गेलो, गोणपाटं बाजूला केली, खोकं निघालं. मी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की मी याला लहानपणापासून ओळखतो, दुसरा पंच बघा. ते म्हणाले, या गावात जो पंच आणीन तो याला ओळखतच असणार. तेही खरं होतं. दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. रिकाम्या बाटलीचं वजन वजा करून मालाचं वजन झालं. साहेब म्हणाले, नाना, आकडा मोठ्याने वाचा, रेकॉर्डवर यायला हवा. मी चष्मा लावला, वाकलो, आणि गणपतीच्या मंडपात देणगीदारांची नावं वाचावीत तशा खणखणीत आवाजात वाचलं. किलोच्या पुढे काटा चांगलाच गेला होता.

तिथून मी धावतच मदनच्या दुकानात गेलो. बातमी कशी सांगावी याची जुळवाजुळव करत होतो. तो गल्ल्यावर शांत बसला होता, जवळजवळ प्रसन्न. माझं तोंड बघून म्हणाला, "बठ नाना. मीच खबर दिन्ही." आणि मग सगळा हिशेब समजावून सांगितला, चमचा, बाटली, खोकं. अडीच ग्रॅम. उद्या-परवा जामीन. मी म्हणालो, मदन, पण त्यांनी तर सगळंच मोजलं. किलोच्या वर भरलं, मीच वाचलं.

त्याने बोटांवर चमचे पुन्हा मोजले.

"पन ती साखर शे, नाना."

कायदा सगळं मिश्रण मोजतो. अंश नाही, बाटलीत जे जे आहे ते सगळं. किलोच्या वर गेलं की तो व्यापारी माल; जामीन मिळणं महाकठीण आणि शिक्षा दहा वर्षांपासून पुढे. हे त्याला त्याच संध्याकाळी वकिलाने सांगितलं. मोठ्या गुन्हेगारांनी भेसळ दाखवून सुटू नये म्हणून तसं आहे म्हणे, आणि त्यात चूक आहे असं मलाही म्हणता येत नाही. फौजदारसाहेब वाईट माणूस नव्हता. मदन त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला तेव्हा त्याने स्वतः खुर्ची दिली. म्हणाला, शेठ, तुम्ही विचारायला आला असतात तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही, तुम्ही खबर दिलीत. आता कागद झाला, तो माझ्याही हातात नाही... खालच्या कोर्टाने जामीन नाकारला, वरच्यानेही नाकारला. औषधवाल्यांनी दिलेला शब्द पाळला नसता, तर मुन्ना एका बाटलीवर सापडला असता. हे मदन मला एकदाच बोलला. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

माझी साक्ष दोन वर्षांनी झाली. गावातल्या शहाण्या माणसांनी मला सुचवून ठेवलं होतं की नाना, वय झालं, आठवत नाही म्हण. मदनने एकदाही सुचवलं नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी तो सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून आला, ओट्यावर बसला, कापसाच्या भावावर बोलला आणि गेला. मी ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही, पण साखरेचं सांगायचंच. आरशापुढे भाषण पाठ केलं. चहाचं उदाहरणसुद्धा काढलं होतं. कोर्टात आधी चित्रीकरण लावलं. पडद्यावर मी, इस्तरीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि तो आवाज. एवढा उत्साह माझ्या आवाजात माझ्या लग्नातल्या टेपमध्येही नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, हे तुम्हीच ना? मी म्हणालो, हो, पण साहेब, त्यात औषध अडीच ग्रॅमच होतं, बाकी साखर, म्हणजे बघा, आपण चहा करतो तेव्हा... न्यायाधीश महाराजांनी पेन खाली ठेवलं आणि फार सौम्यपणे म्हणाले, "आजोबा, तुम्ही पंच आहात. तुम्ही काय पाहिलं तेवढंच सांगा." मी पाहिलं तेवढं सांगितलं. चहा टंकलेखनात आला नाही. पिंजऱ्यापलीकडे मुन्ना मान खाली घालून बसला होता, आणि मला वाटतं, चहापाशी तो किंचित हसला.

मदनच्या मनाला जे लागलं होतं ते मात्र कोर्टातलं नव्हतं. खबर कुणी दिली हे मुन्नाला सांगायचं होतं, आणि सांगता येत नव्हतं. दर भेटीला जाताना मनाशी ठरवून जायचा आणि येताना तसाच परत यायचा. आतून पोरगं विचारायचं, पप्पा, गुडघा कसा आहे? मग हा गुडघ्याचं सांगत बसायचा. शेवटी गेल्या संवत्सरीला त्याने भेट काढली. काचेपलीकडे मुलगा, अलीकडे बाप, मधे फोनचा रिसीव्हर. याने हात जोडले, म्हणाला, मिच्छामि दुक्कडम्, बेटा. मुलानेही हात जोडले आणि तेच शब्द परत दिले, जसे घरात लहानपणापासून देत आला होता. वेळ संपली. मदन परत आला तो सरळ माझ्या घरी. पाणीसुद्धा घेतलं नाही, उपास होता. "माफी भेटनी, नाना," तो म्हणाला. "पन चोरीनी भेटनी. कसानी माफी, ते त्याले माहीतच नही." मी म्हणालो, पुढच्या भेटीत सांग. तो म्हणाला, आणि माझ्याकडून राहिलं तर तू सांग. मी लगेच हो म्हणालो. माझ्यासारख्या बडबड्याला एक वाक्य सांगायला काय लागतं...

पुढच्या भेटीआधीच एका सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून तो पायरीवर बसला, आणि बसलाच. मुन्नाला पोलीस बंदोबस्तात काही तासांसाठी आणलं. अग्नी देण्यापुरती शिपायाने हातकडीची दोरी सैल केली, आणि तो शिपाई, उगीच, दुसरीकडे बघत राहिला. मी मुन्नाच्या बाजूलाच उभा होतो. बोलायचं ते तिथे बोलायला हवं होतं, असं नाही. पण त्याला गाडीत बसवताना मी त्याला काय सांगितलं असेल? माप देताना हललो, आता कवळी काही बसायची नाही, हे सांगितलं.

मागच्या आठवड्यात मी तुरुंगात गेलो. मुलाकातीच्या खोलीत रिसीव्हर उचलला आणि रस्त्यातल्या खड्ड्यांपासून सुरुवात केली. मग पावसापाण्याचं सांगितलं, मग आमच्या ऑफिसच्या गळक्या छताचं. मुन्ना ऐकून घेत होता. चेहरा उतरला होता, पण डोळे स्वच्छ होते. त्या बाबतीत मदनचा हिशेब बरोबर निघाला होता. शेवटी तोच म्हणाला, "नाना, पप्पांनी खबर दिली, हेच सांगायचंय ना?"

माझ्या हातातून रिसीव्हर निसटला. उचलून कानाला लावला तेव्हा तो बोलतच होता. त्या गोडाऊनच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्या खिशात होती, ती नंतर झडतीत निघाली. पोलिसांनी कुलूप तोडलं नव्हतं, हवालदाराने ते किल्लीने उघडलं होतं. दुसरी किल्ली घरात देवघराजवळच्या खिळ्याला असायची... मी तिथेच उभा होतो. बघणं हेच माझं काम होतं, त्याचीच मी सही केली होती, आणि मी शर्टाची इस्तरी सांभाळत होतो. मी विचारलं, मग तू बापाला कधी बोलला का नाहीस? तो म्हणाला, ते गुडघ्याचं सांगायचे. मला वाटायचं, त्यांना ते सांगायचं नाहीये, तर आपण कशाला उघडं पाडायचं. मग जरा थांबून म्हणाला, "संवत्सरीला त्यांनी हात जोडले ना, तेव्हा मला कळलं कशाबद्दल आहे ते. मी त्याचीच माफी दिली. त्यांना समजलं होतं ना, नाना?"

मी आयुष्यात अनेक ठिकाणी नको ते बोललो आहे. तिथे मी हो म्हणायला हवं होतं की नाही म्हणायला, हे मला अजून कळलेलं नाही. वेळ संपल्याची घंटा झाली आणि ती मला त्या दिवशी देवासारखी वाटली. उठता उठता मी एवढंच विचारलं, की वर्तमानपत्राच्या पुरवणीवाले तुझ्या वडिलांवर लिहा म्हणतात, हे सगळं लिहू का? मान हलवून हो म्हणाला. लिहा, पण चहाचंही लिहा, म्हणाला.

परत आलो तो बसमधून उतरून सवयीने दुकानाकडे वळलो. दुकान आता मदनचा पुतण्या बघतो. चांगला मुलगा आहे, कॉम्प्युटरवर बिलं करतो. बाजाराचा दिवस होता. डोंगरातून आलेली एक बाई पाठीला तापलेलं पोर बांधून काउंटरशी उभी होती. पुतण्याने गोळ्या पाकिटात घातल्या, दिवसातून तीनदा म्हणून सांगितलं, तीन बोटं दाखवली. बाई पाकीट घेईना. ते त्याच्याकडेच सरकवून उभी राहिली. पुतण्याला वाटलं, पाकीट फाटलं असेल, त्याने बदलून दिलं. तरी ती उभीच. मला माहीत होतं ती कशासाठी थांबली आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मदन पाकिटावर पेनाने सूर्य काढून द्यायचा, उगवता, डोक्यावरचा आणि मावळता. ज्या वेळची गोळी नसेल तो सूर्य काढायचा नाही. मी आत गेलो, पेन घेतलं आणि तीन सूर्य काढले. चित्रकला हा माझा विषय नव्हे. तीन भाकरी वाटत होत्या. बाईने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि भिलीत काहीतरी म्हणाली. पुतण्याला भिली येत नाही, मला तोडकीमोडकी कळते. ती विचारत होती, याला डोंगर कुठे आहे? शेठचा सूर्य डोंगरातून वर येतो आणि डोंगरात जातो, नाहीतर सकाळचा कोणता आणि संध्याकाळचा कोणता हे कसं समजायचं?

मी पहिल्या सूर्याखाली डोंगराची रेघ काढली. मग तिने विचारलं, शेठ कुठे आहेत, केव्हा येतील? मी मान वर केली नाही. तिसऱ्या सूर्याखालचा डोंगर काढत राहिलो, पुन्हा पुन्हा गिरवत, आणि ती समोर हात पुढे करून उभी होती.